डॉ. गोपाळराव देशमुख : एका शस्त्रवैद्याची लोकसेवा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सांगली येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली. संमेलनाच्या व्यासपीठावरून आपण बहुधा आपल्याच ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांचे गुणगान ऐकतो, आणि ते उचितही आहे. परंतु आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांची ज्ञात कोणती, याचा शोध मी घेतलेला नाही. त्यांनी केलेल्या कामाचा लाभ तुमच्या आणि माझ्या घरातील आई, बहीण, सून यांच्यापर्यंत पोहोचला, किंवा पोहोचावयास हवा होता, एवढा संबंध मला पुरेसा वाटला.

आपल्यापैकी ज्यांचे मुंबईस जाणेयेणे असते त्यांना पेडर रोड ठाऊक असेल. त्या रस्त्याचे अधिकृत नाव ‘डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग’ असे आहे. हे गोपाळराव कोण, असे विचारले तर सुशिक्षित माणसेसुद्धा ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी, असे उत्तर देतात. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख. ते १८२३ साली जन्मले, न्यायाधीश झाले आणि १८९२ साली निवर्तले. रस्त्याचे गोपाळराव निराळे. ते गोपाळ विनायक देशमुख, विसाव्या शतकातील मुंबईचे नामांकित शस्त्रवैद्य. नावाच्या साम्यामुळे एका थोर पुरुषाच्या सावलीत दुसरा झाकला गेला. ती सावली आज थोडी बाजूस सारावी, असा माझा हेतू आहे.

आपल्या देशात वैद्यकीचा व्यवसाय आणि सार्वजनिक कार्य यांचे नाते जुने आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड, पुण्याचे डॉ. विश्राम रामजी घोले, ही एकोणिसाव्या शतकातील उदाहरणे. पुढे राष्ट्रीय सभेच्या राजकारणात दिल्लीचे डॉ. अन्सारी, बंगालचे डॉ. बिधनचंद्र रॉय, नागपूरचे डॉ. मुंजे आणि डॉ. ना. भा. खरे अशी मोठी मालिकाच दिसते. याचे कारण उघड आहे. वकिलाकडे माणूस भांडण घेऊन येतो, सावकाराकडे गरज घेऊन येतो. वैद्याकडे मात्र तो आपले सर्व आवरण उतरवून येतो. घरात कोण उपाशी राहते, कोणाचे औषध लांबणीवर टाकले जाते, कोणाच्या दुखण्याला दुखणे म्हणतच नाहीत, हे वैद्याला जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला कळते. आपल्या भागाने तर मिरजेस डॉ. वॉन्लेस यांच्या रुग्णालयामुळे हे शंभराहून अधिक वर्षे पाहिले आहे.

गोपाळराव विलायतेस जाऊन एफ. आर. सी. एस. झाले आणि मुंबईस परत येऊन शस्त्रक्रियेत त्यांनी नाव मिळविले. त्या काळी मोठ्या सरकारी रुग्णालयांतील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी जणू राखून ठेवलेल्या असत. हिंदी डॉक्टरांनी आपली स्वतंत्र संघटना उभारण्याची चळवळ केली, तीतून १९२८ साली इंडियन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली. त्या संघटनेच्या आरंभीच्या धुरीणांत गोपाळराव होते. त्याच वर्षी मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्या पदाला ‘महापौर’ हे नाव पुढे १९३१ साली मिळाले. एवढ्यावर ते थांबते तरी एक यशस्वी आणि सन्मानित जीवन म्हणून त्यांची नोंद झाली असती.

१९३४ साली मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. मुंबई शहरातून दोन जागा होत्या. काँग्रेसतर्फे कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. देशमुख उभे होते. विरुद्ध सर कावसजी जहांगीर. निकालात सर कावसजी आणि डॉ. देशमुख निवडून आले, मुन्शी पडले. त्या पराभवावरून काँग्रेसमध्ये पुढे मोठे वादंग माजले. आपल्याला त्यात शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, एक शस्त्रवैद्य दिल्लीच्या कायदेमंडळात जाऊन बसला, आणि तेथे त्याने हाती घेतलेला मुख्य विषय ना रुग्णालयांचा होता ना औषधांचा. तो होता हिंदू विधवेच्या वारसाहक्काचा.

श्रोतेहो, या विषयाची पार्श्वभूमी थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षरा पद्धतीप्रमाणे एकत्र कुटुंबातील एखादा भाऊ निपुत्रिक वारला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे आपोआप जाई. त्याच्या बायकोला हिस्सा नसे, फक्त अन्नवस्त्र असे. अन्नवस्त्र हा शब्द कागदावर मोठा उदार दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ माजघरातील एक कोपरा, दुसऱ्यांनी नेसून टाकलेले लुगडे आणि सर्वांच्या मागून जेवण. नवरा जिवंत असेपर्यंत जी घराची सून होती, ती तेराव्या दिवसानंतर घरावरचा भार होई. म्हैसूर संस्थानाने १९३३ साली स्त्रियांच्या हक्कांचा कायदा करून एक पाऊल टाकले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र सरकार स्वतः होऊन हिंदूंच्या धर्मशास्त्रास हात लावण्यास नाखूष असे.

अशा वेळी खासगी सभासदाने विधेयक आणणे किती अवघड होते, याची कल्पना आज येणार नाही. धार्मिक रूढींना स्पर्श करणाऱ्या विधेयकास आधी गव्हर्नर जनरलची परवानगी लागे. मग ते मांडण्याची अनुज्ञा, मग लोकमतासाठी प्रसिद्धी, मग निवड समिती, मग खालच्या सभागृहाची मान्यता, मग वरच्या सभागृहाची, आणि अखेर गव्हर्नर जनरलची संमती. खासगी कामकाजाचे दिवस थोडे आणि रांगेत विधेयके पुष्कळ. त्यामुळे कित्येक विधेयके नुसत्या वाट पाहण्याने मेली. हरविलास सारडा यांचा बालविवाहाचा कायदा १९२९ साली झाला, तोही अशाच खडतर वाटेने.

गोपाळरावांच्या मूळ विधेयकात विधवेबरोबर मुलींचाही विचार होता, आणि स्त्रीला मिळणारी मालमत्ता पूर्ण मालकीने मिळावी, असा त्याचा रोख होता. १९२७ साली पुण्यास जन्मलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संस्थांचे अशा सुधारणांना पाठबळ होते. परंतु निवड समितीतून विधेयक बाहेर आले तेव्हा मुली त्यातून वगळल्या गेल्या होत्या, आणि विधवेला जे मिळणार होते तेही तिच्या हयातीपुरतेच ठरले होते. तिने ते उपभोगावे; मात्र मनास येईल तसे विकू नये, मृत्युपत्राने कोणास देऊ नये; तिच्यामागे ते पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जावे. कायदेमंत्री सर नृपेंद्रनाथ सरकार यांच्या साहाय्याने जी तडजोड झाली, ती एवढीच होती.

गोपाळरावांसमोर दोन वाटा होत्या. हे विकलांग विधेयक आपले नाही असे सांगून बाजूस व्हावे आणि तत्त्वनिष्ठ म्हणून नाव मिळवावे. किंवा जे मिळते ते पदरात पाडून घ्यावे. त्यांनी दुसरी वाट पत्करली. शस्त्रवैद्याला हा विवेक नेहमीच करावा लागतो. सर्व रोग एका वेळी काढता येत नसेल तर रोगी जगेल एवढे आज करावे आणि उरलेले उद्यावर ठेवावे, हे त्याला टेबलापाशी उभे राहून ठरवावे लागते. १४ एप्रिल १९३७ रोजी हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांचा कायदा अमलात आला. लोक त्याला ‘देशमुख कायदा’ म्हणू लागले. त्यान्वये नवऱ्याच्या स्वतंत्र मालमत्तेत विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला, आणि एकत्र कुटुंबातील मालमत्तेत नवऱ्याचा जो हितसंबंध असेल तो तिच्याकडे आला. तिला वाटणी मागता येऊ लागली. अन्नवस्त्र मागणारी बाई वाटणी मागू शकते, हे वाक्य आज साधे वाटते; त्या काळी घराघरांत ते विजेसारखे पडले.

या कायद्याच्या उणिवाही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. त्याची भाषा काही ठिकाणी संदिग्ध होती आणि १९३८ सालीच त्यात दुरुस्ती करावी लागली. त्याहून मोठी अडचण शेतजमिनीची झाली. कायदा अमलात येण्याआधी अवघे तेरा दिवस, म्हणजे १ एप्रिल १९३७ पासून, १९३५ च्या कायद्याची नवी घटना प्रांतांत सुरू झाली होती आणि शेतजमिनीच्या वारशाचा विषय प्रांतांच्या अखत्यारीत गेला होता. त्यामुळे गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीस देशमुख कायदा लागू नाही, असा अभिप्राय फेडरल कोर्टाने १९४१ साली दिला. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे जमीनच, तेथे हा आघात लहान नव्हता. मुंबईसारख्या प्रांतांना वेगळे कायदे करून ती उणीव भरावी लागली.

दुसरी मर्यादा आपल्या भागापुरती फार जिव्हाळ्याची आहे. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. सांगली, मिरज, जत ही त्या काळी संस्थाने होती, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. तासगाव, वाळवे, शिराळे हे तालुके मात्र सातारा जिल्ह्यातील, म्हणजे ब्रिटिश अमलाखालचे. याचा अर्थ एका माणसाच्या दोन जीवनांत किती अंतर पाडू शकतो, हे मी पुस्तकात वाचलेले नाही. माझ्या घरात पाहिले आहे.

माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आम्ही तिला आत्या म्हणत असू, १९३८ साली विधवा झाली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सासर सांगलीचे, गणपती पेठेत हळद-गुळाची अडत आणि तीन भावांचे एकत्र कुटुंब. मूलबाळ नव्हते. वर्ष सरायच्या आत ती एक ट्रंक घेऊन आमच्या घरी आली आणि पुढची छप्पन्न वर्षे आमच्या मागच्या खोलीत राहिली. वडिलांनी त्या वेळी एका वकिलांचा सल्ला घेतला होता. वकील म्हणाले, “तुमचे मेहुणे तासगावात दुकान मांडून वारले असते तर वाटणीचा दावा लावता आला असता. सांगली संस्थानात तो कायदा नाही.” तासगाव येथून काही कोसांवर. त्या काही कोसांनी एका बाईचे आयुष्य ठरविले.

पुढे ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. देशातही मोठे बदल झाले. देशमुख कायद्यातील दोष दूर करण्याच्या निमित्तानेच १९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव यांची समिती नेमली गेली. त्या समितीच्या कामातून हिंदू संहितेचा मसुदा निघाला, आणि त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी झुंज दिली, तिची परिणती १९५१ साली त्यांच्या राजीनाम्यात झाली. शेवटी १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. त्याच्या चौदाव्या कलमाने असे ठरविले की, ज्या हिंदू स्त्रीच्या कब्जात जी मालमत्ता असेल ती यापुढे तिच्या पूर्ण मालकीची.

येथे गोपाळरावांच्या त्या तडजोडीचे मोल कळते. १९३७ च्या कायद्याने ज्या विधवांना हयातीपुरता हिस्सा मिळाला होता आणि ज्यांनी तो राखून ठेवला होता, त्या १९५६ साली एका रात्रीत पूर्ण मालकीण झाल्या. अर्धे मिळाले म्हणून त्याचे पुढे पूर्ण झाले. पूर्ण मिळेपर्यंत थांबू असे गोपाळराव म्हणते, तर एकोणीस वर्षांतील त्या सर्व विधवा रिकाम्या हाताने त्या दिवसापर्यंत पोहोचल्या असत्या. माझी आत्या तशीच पोहोचली. तिच्या कब्जात काहीच नव्हते, आणि शून्याचे पूर्ण केले तरी शून्यच उरते. वर्तमानपत्रातील बातमी वडिलांनी तिला वाचून दाखविली, तेव्हा ती तांदूळ निवडीत होती. तिने एवढेच विचारले, “म्हणजे माझं नाही ना?”

गोपाळराव १९३७ नंतर स्वस्थ बसले नाहीत. १९३८ साली त्यांनी हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा हक्क देणारे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. छळ होत असेल, नवऱ्याने टाकून दिले असेल किंवा दुसरे लग्न केले असेल, तर पत्नीस वेगळे राहून पोटगी मागता यावी, असा कायदा १९४६ साली झाला. त्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. घटस्फोटाची तरतूद मुंबई प्रांतात १९४७ साली आणि देशभर १९५५ साली आली. ज्या विधेयकाला सभागृहाने नकार दिला, ते सतरा वर्षांनी देशाने स्वीकारले. लोकसेवकाच्या कामाचा हिशेब त्याच्या कारकिर्दीच्या शेवटी मांडू नये, हे यावरून शिकावे.

श्रोतेहो, चरित्र येथे संपविता आले असते. परंतु मी चाळीस वर्षे या शहरात वकिली केली आहे, आणि ज्या कायद्याची स्तुती केली त्याच्या पुढील इतिहासाचा मी साक्षीदार आहे. काही अंशी अपराधीही आहे. गोपाळरावांच्या विधेयकातून मुली वगळल्या गेल्या होत्या, हे मी मघाशी सांगितले. १९५६ साली मुलीला बापाच्या हिश्शात वाटा मिळाला. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबात जन्मतः सहहिस्सेदार केले. २००५ साली संसदेने तो हक्क सर्व मुलींना दिला, आणि वडील त्या तारखेस हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानेच येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. म्हणजे निवड समितीने जे कापून टाकले, ते जोडावयास सत्तर-ऐंशी वर्षे लागली. आता कायद्यात काही उणे नाही. उणे आपल्या घरात आहे, आणि त्याचे नाव हक्कसोडपत्र.

माझे वडील १९७९ साली वारले. राहते घर आणि नदीकाठची जमीन त्यांच्या नावावर होती. मी स्वतः, माझ्या हाताने, बहिणीचे हक्कसोडपत्र लिहिले. तिने वाचले नाही. “दादा, सही कुठे करू तेवढं सांग,” असे ती म्हणाली. मी बोट ठेवले. त्या भाऊबीजेस तिला नेहमीपेक्षा भारी लुगडे घेतले आणि आपण कर्तव्य केले असे मानले. मागच्या खोलीत आत्या तेव्हा हयात होती. पाच वर्षांनी मेहुण्यांचे मोठे आजारपण आले, तेव्हा बहिणीने हातातल्या पाटल्या विकल्या. मला कळविलेही नाही. कारण मागायचे कशाच्या आधारावर, हा आधार मीच काढून घेतला होता. अनेक वर्षांनंतर मी काही भाग बक्षीसपत्राने तिला परत केला. तिने तो घेतला. आभार मानले नाहीत, आणि तेच योग्य होते.

कोणी म्हणेल, बहिणी खुशीने सोडतात. काही जणी खरोखर खुशीने सोडतात, आणि भावाबहिणींच्या मायेला मी कमी लेखीत नाही. परंतु जी गोष्ट न वाचता, न विचारता, माहेरचे दार बंद होईल या भीतीने दिली जाते, तिला खुशी म्हणू नये. कोणी म्हणेल, लग्नात पुष्कळ दिले. जे दिले ते बहुधा सासरच्यांच्या हाती गेले. तिच्या नावावर त्यातले किती राहिले, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. जमिनीचे तुकडे होतील, ही काळजी खरी आहे. पण दोन भावांत वाटणी होताना ती काळजी कोणास अडवीत नाही. तुकडे नको असतील तर पैशाने वाटा देता येतो, उत्पन्नाचा भाग देता येतो. मार्ग पुष्कळ आहेत, मन हवे.

मंडळाने या बाबतीत मोठा ठराव करावा, असे मी म्हणत नाही. ठराव आपण पुष्कळ केले. मी तीन लहान गोष्टी सुचवितो. घरातील कर्ता पुरुष वारला की दिवस झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्याच्या पत्नीचे नाव सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून लावून घ्यावे. तलाठ्याकडे हेलपाटा घालावा लागला तरी. दुसरे, बहिणीची सही घ्यावयाची असेल तर कागद तिला आधी वाचून दाखवावा, एक प्रत तिच्या हाती द्यावी आणि निदान एक महिना थांबावे. तिसरे, तिने नाही म्हटले तर भाऊबीज चुकवू नये.

डॉ. गोपाळराव देशमुख यांनी रुग्णालयात किती शस्त्रक्रिया केल्या याची मोजदाद आज कोणापाशी नसेल. त्यांनी एक शस्त्रक्रिया दिल्लीस केली. ती अपुरी राहिली, हे त्यांनाही ठाऊक होते. अपुरे काम पुढच्यांच्या स्वाधीन करून जाण्यास धैर्य लागते. कायदेमंडळांनी आणि न्यायालयांनी त्यातील आपला वाटा पुरा केला आहे. उरलेले टाके घालण्याचे काम आपल्या माजघरातले आहे, आणि ते कोणताही डॉक्टर वा वकील आपल्यासाठी करू शकणार नाही.

 सभेत माझी बहीणही बसली आहे. तिच्यासमोर हे बोलण्याची संधी मंडळाने दिली, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे.